वच्छलाबाईंना आम्ही खाली घेतलं तेव्हा

"लेकराला घेऊन तिथं राहू नकोस," असं माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. "लेकराचं मन कोवळं असतं. आणि तुझं त्याहून कोवळं आहे."

मी तेव्हा पोहे परतत होते. मी हसले. सासूबाईंची सगळी नोकरी यवतमाळच्या कचेरीत गेली, त्यामुळे कुठलाही विषय निघाला की आधी हरकत नोंदवायची त्यांना सवय आहे, असं मी नंतर नवऱ्याला, अभिषेकला म्हणालेसुद्धा. त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मी हसण्यावारी नेला. दुसरा माझ्यापर्यंत पोचलाच नाही, कढईच्या आवाजात गेला.

'तिथं' म्हणजे आर्णीच्या बाहेर, दिग्रस रोडला, एका संस्थेनं चालवलेलं घर. मोठ्या दवाखान्यांनी 'आता घरी न्या' म्हटलेली, पण घरी सांभाळता न येणारी माणसं इथं येतात. त्यांचं दुखणं कमी करायचं, अंग पुसायचं, जे खावंसं वाटेल ते द्यायचं आणि जवळ बसायचं, एवढंच काम. आर्णीचे ऑटोवाले या घराला 'लास्ट स्टॉप' म्हणतात आणि परतीची सवारी मिळत नाही म्हणून कुरकुरतात. अभिषेक फार्मासिस्ट. त्याला इथली नोकरी मिळाली आणि नोकरीसोबत मागच्या अंगणातल्या दोन खोल्या. अंगणात तुळस, पेरूचं झाड, आणि आमची नयन, वय वर्षं तीन.

नयन सातव्या महिन्यातच झाली. ती काचेच्या पेटीत होती तेव्हा मी बाहेर उभी राहून तिची छाती हलते का तेवढं बघायची. घरी आणल्यावर काच गेली आणि माझं बोट सुरू झालं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. ती झोपली की नाकाखाली आडवं धरायचं. गरम वारा लागला की मी सुटले, पुन्हा अर्ध्या तासानं धरायचं. पोरगी मोठी होऊन चपला उलट्या घालून स्वतः पळायला लागली, तरी माझं बोट चालूच. शिवाय नवस. माहूरच्या देवीला चांदीचा पाळणा, एका मारुतीला शनिवार, एका दर्ग्यावर चादर. मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई मी, पण देवांशी माझं बोलणं किराणा दुकानात चालतं तसं होतं. हे घ्या, ते द्या.

आता असं बोट घेऊन मी त्या घरात राहायला गेले. काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी दुपारी चहा वाटायला वॉर्डात जायची, पेपर वाचून दाखवायची, आणि कोणी जरा जास्त शांत झोपलं की माझं बोट आपोआप पुढं व्हायचं.

वच्छलाबाई पोळ्याच्या सुमारास आल्या. त्या फुलसावंगीच्या. पोटातला आजार यकृतापर्यंत गेलेला, अंगावर मांस नाही, पण जीभ शाबूत. त्यांचा मुलगा शाम त्यांना सोडून गेला तेव्हा एक तांब्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवून गेला. बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला की इथं आलेलं माणूस किती दिवस राहतं. मी सावरासावर करू लागले, की तसं सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यांनी हातानं थांबवलं.

"तसं नाई वं. लोणचं मुरायचं हाय अजून. बरणी कवा खोलावं ते इचारून राह्यली मी."

दोन दिवसांनी त्या डोळे मिटून पडल्या होत्या आणि माझं बोट गेलं. त्यांनी एकच डोळा उघडला. "नथ शोधतं काय माही? ते सुनेजवळ हाय."

वॉर्डातली सगळी हसली. ज्यांना हसताना दुखायचं तीसुद्धा हसली. मलाही हसावं लागलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या खाटेजवळ जास्त बसायला लागले, आणि नयन तर तिथंच खेळायची. बाई तिला आपल्या लाल बैलाच्या गोष्टी सांगायच्या. सगळ्या गोष्टींत बैल शहाणा आणि त्यांचा नवरा वेंधळा.

नवरा म्हणजे मारोतराव. ते कधी आलेच नाहीत. शाम आठवड्याला यायचा, सून डबा पाठवायची, पुतण्या येऊन गेला, शेजारीण येऊन गेली. मारोतरावांचं आधी सोयाबीन सोंगायचं होतं. मग कापसाची वेचणी निघाली. मग तुरीवर अळी आली. शाम ही कारणं आईला सांगताना खाली फरशीकडे बघायचा. बाई विचारायच्या फक्त, "तुहा बाप?" आणि उत्तर अर्धं होण्याआधी मान वळवायच्या.

पण फाटकाशी मोटरसायकलचा आवाज आला की ती मान उशीवरून पुन्हा इकडं व्हायची. माझी नजर अशा गोष्टी सोडत नाही. एकदा मी म्हणाले, फोन लावून देऊ का, बोला त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, सारा जन्म समोरासमोर धड बोलला नाही तो, फोनवर काय बोलणार. मग पेल्यातलं पाणी संपवून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "येईल तो. मातीले येईल. मले दिसनार नाई, तेवढंच."

त्यांना बाकी काही नको होतं. देव नको, भजन नको, पोथी नको. डोळे उघडे असताना तो माणूस एकदा दारात उभा दिसावा, एवढंच. मी त्या न पाहिलेल्या मारोतरावांवर इतकी चिडले की अभिषेकला फोन करायला लावला. तिकडून उत्तर आलं की वेचणीला बाया मिळत नाहीत.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. अभिषेक औषधं आणायला यवतमाळला गेलेला, सिस्टर जेवायला गावात. सकाळीच विळीवर माझं तेच बोट कापलं होतं आणि मी त्यावर पट्टी गुंडाळली होती, जाड, दोन पदरी. नयन झोपली म्हणून मी वॉर्डात चक्कर मारली. वच्छलाबाई उताण्या, तोंड जरा उघडं. मी सवयीनं बोट धरलं.

काहीच लागलं नाही.

मी वाट पाहिली. तरी काही नाही. मी हाक मारली, खांदा हलवला. त्यांना दुखण्याचं औषध दिलेलं होतं, त्या हलल्या नाहीत. मी धुरपताबाईंना ओरडून बोलावलं. धुरपताबाई तिथं सगळ्यांची अंगं पुसतात, कपडे बदलतात. अशी कितीतरी माणसं त्यांच्या हातावर गेलेली आहेत. पण त्या दिवशी त्यांनी बाईंकडं पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यावरूनच ठरवलं.

"खाली घ्या, खाली घ्या पयले. खाटेवर नाई जाऊ देत मानसाले."

आमच्याकडं माणसाला शेवटी जमिनीवर घेतात. जीव खाटेवर गेला तर अधांतरी राहतो म्हणे. मी पाय धरले, त्यांनी खांदे. वजन तुराट्यांच्या भाऱ्याएवढं. फरशीवर चादर, डोकं उत्तरेला. मी अंगणात धावत जाऊन तुळस तोडून आणली, धुरपताबाईंनी पान त्यांच्या जिभेवर ठेवलं. मग मी शामला फोन लावला आणि म्हणाले, आईला खाली घेतलंय. आमच्या भागात याहून जास्त सांगावं लागत नाही. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी भिंतीला टेकून रडत होते. तेवढ्यात नयन झोपेतून उठून, फ्रॉक वर गेलेला, अनवाणी, आत आली. आजी खाली का झोपली आहे असं काही तिनं विचारलं नाही. ती बाईंजवळ उकिडवी बसली आणि उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट त्यांच्या नाकाखाली आडवं धरलं. मान जराशी तिरकी. अगदी माझ्यासारखी.

"मम्मा," ती म्हणाली, "चालू आहे."

मला तिनं काय सांगितलं ते आधी कळलंच नाही. मला दिसत होतं ते फक्त तिचं बोट. हे तिला कोणी शिकवलं? सासूबाईंच्या वाक्याचा जो अर्धा भाग पोह्यांत गेला होता तो त्या क्षणी पूर्ण ऐकू आला.

मग वच्छलाबाईंनी तोंड वेडंवाकडं केलं आणि तुळशीचं पान थुंकलं.

"कायचा पाला कोंबला वं तोंडात? आन् खाली काहून निजवलं मले?"

धुरपताबाई मटकन बसल्या. मी माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं पाहिलं. शामला परत फोन लावला तर तो उचलेना. नंतर कळलं की घाईत त्याचा फोन घरीच चार्जिंगला राहिला होता, आणि घरात उचलायला कोणी उरलं नव्हतं, सगळे गाडीत बसले होते.

बाईंना पुन्हा खाटेवर घेतलं, लोडाला टेकवलं, चहा दिला. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. चूक माझी, बोट माझं, आणि आता फुलसावंगीहून माणसं निघाली आहेत. मला वाटलं त्या मला धुऊन काढतील. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि विचारलं, कोण कोण निघालं असेल.

मी म्हणाले, सगळेच असतील.

"तो?"

"मातीला येणार म्हणाला होतात ना तुम्ही."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मंग केस विंचर माहे."

विंचरायला फार केस नव्हतेच. मी तेल लावलं, पातळशी वेणी घातली, कुंकू लावलं. नयननं आरसा धरला, उलटा.

दोन गाड्या आल्या. बायकांनी फाटकापासूनच सूर लावला. हेल काढून, गुण आठवून, एकीचं संपायच्या आत दुसरीचं. तो सूर व्हरांड्यातून दारापर्यंत आला आणि दारात एकदम कापल्यासारखा थांबला. खाटेवर वच्छलाबाई वेणी घालून बसलेल्या.

"थांबल्या काहून?" त्या म्हणाल्या. "रडा ना. आयकू द्या मले, कोन काय म्हनून रडते ते."

कोणाला हसू येईना, रडू येईना. शेवटी त्यांची धाकटी जाऊ भिंतीशी बसून खरीखुरी रडायला लागली, आणि बाई तिला म्हणाल्या की आता बरं जमलं, मघाचं खोटं होतं. शाम माझ्यापुढं हात जोडू की माझ्यावर ओरडू अशा चेहऱ्यानं उभा होता. त्यानं शेवटी दोन्हींतलं काहीच केलं नाही, बाहेर जाऊन तोंड धुतलं.

आणि सगळ्यांच्या मागं, दाराच्या चौकटीत, एक उंच, वाळका म्हातारा. पांढरी टोपी, पायात मातीनं भरलेली चप्पल, हात पाठीमागं.

वच्छलाबाईंनी त्यांना पाहिलं.

"काय लपवून राह्यले मांगं?"

"काई नाई."

"दाखवा."

मारोतरावांनी पिशवी पुढं केली. तिच्यात हिरवं लुगडं होतं, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला असं सजवून पाठवतात. हे माहेरच्यांनी आणायचं, पण बाईंच्या माहेरी आता कोणी नव्हतं, म्हणून त्यांनीच गाडी दुकानापाशी थांबवून घेतलं होतं. बाईंनी लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून चोळला, उजेडात धरला.

"काठ बारीक हाय."

"घाईत घेतलं," मारोतराव म्हणाले.

"तीन महिने घाई नव्हती ते?"

मला वाटलं आता ते तुरीवरची अळी सांगणार. त्यांनी टोपी काढली. खाटेच्या कडेला, जागा आहे का न बघता, बसले.

"लोक म्हनत, वच्छीचा जीव तुह्यात अडकला हाय. तू भेटून आला का तिले मोकळं होते." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मले वाटलं, नाईच गेलो तं... राह्यशीन तू."

मी त्या माणसावर पोळ्यापासून चिडलेली होते. आणि हा माणूस तीन महिने शेतात उभा राहून, न येऊन, बायकोला जिवंत ठेवत होता. स्वतःच्या समजुतीनं, एकट्यानं. मला त्यांच्या त्या न येण्यात माझं बोट दिसलं.

वच्छलाबाई हसल्या. पोट धरून, कळ सोसत हसल्या.

"पाह्य वं पोरी," त्या मला म्हणाल्या. "हा न येऊन जीव धरून राह्यला माहा, तू बोट लावून. आन् मी येडी इथं वाट पाहून. माहा जीव कोनाच्या हातात हाय ते कोनीच नाई इचारलं मले."

"कोणाच्या हातात आहे?" मी विचारलं. मला खरंच हवं होतं उत्तर.

"मले काय ठाव? माह्या नाई, एवढं समजलं. लय हलकं वाटून राह्यलं." आणि मग मारोतरावांकडं वळून, "नेसवा मले हे. मेल्यावर कोन पाह्यते काठ?"

धुरपताबाई म्हणाल्या, असं करू नये. जाऊबाई म्हणाल्या, असं कोणी केलेलं ऐकलं नाही. पण बाईंनी हात पुढं केला होता. पोटाला नेसणं सोसणार नव्हतं, म्हणून आम्ही लुगडं अंगावर पांघरलं आणि पदर डोक्यावरून घेतला. बांगड्या मनगटात राहीनात, कोपरापर्यंत घसरल्या. त्यातल्या दोन काढून त्यांनी नयनच्या हातात घातल्या.

"बाई वो, मढ्याच्या बांगड्या लेकराले," धुरपताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तीन वर्षं ज्या पोरीच्या अंगावरून मीठमोहऱ्या ओवाळत आले, तिच्या हातात मातीला आणलेल्या हिरव्या बांगड्या. 'काढ' हा शब्द दातांपर्यंत आला होता. नयननं हात वर करून हलवला. बांगड्या वाजल्या, तिला आवाज आवडला, तिनं पुन्हा हलवला. वच्छलाबाई माझ्याकडं बघत होत्या. हसत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

"आजीला थँक्यू म्हण," मी म्हणाले.

मारोतराव त्या दिवशी परत गेले नाहीत. गावचे लोक चहा पिऊन, जरा ओशाळून, गाडीत बसून निघून गेले, आणि म्हातारे खाटेजवळ सतरंजी टाकून राहिले. आल्यामुळं बायको जाईल ही त्यांची भीती दोन-चार दिवस टिकली. मग रोज सकाळी तिच्या तोंडून आपला उद्धार ऐकता ऐकता ती विरली. धड न बोलणारा हा माणूस दिवसभर बोलायचा. सोयाबीनला काय भाव लागला, कोणती गाय व्याली, बैल कसा होता. बैल शहाणा नव्हता, हट्टी होता, यावर दोघांचं भांडण चालायचं आणि सगळा वॉर्ड दोन बाजूंना वाटला जायचा. लोणचं खोललं. मुरलेलं होतं.

त्या संक्रांतीच्या अलीकडं गेल्या, सकाळी, ऊन खिडकीत आल्यावर. मारोतराव तेव्हा नाक्यावर गरम भजी आणायला गेले होते, कारण बाईंनीच पाठवलं होतं. म्हणजे ते आल्यानं त्या गेल्या नाहीत आणि नसल्यानं थांबल्या नाहीत. सिस्टरनं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मान हलवली. धुरपताबाई कासावीस झाल्या, की खाटेवरच गेल्या, खाली घ्यायचं राहिलं. मारोतरावांच्या हातात भज्यांचा पुडा होता. ते म्हणाले, "राहू द्या. एकडाव घेतलं होतं ना खाली. तेच चालते." लुगडं अंगावर होतंच. पदराला वरणाचा डाग होता. तो कोणी धुतला नाही.

माझी सवय सुटली असं मी म्हणणार नाही. परवाच नयनला ताप होता आणि बोट गेलं. पण एरवी जात नाही, आणि नयन आता कोणाच्या नाकाखाली बोट धरत नाही, बाहुलीला बैलाच्या गोष्टी सांगते. नवस मी फेडून टाकले, नवे केले नाहीत. संध्याकाळी दिवा लावते आणि काही मागत नाही, नुसती दोन मिनिटं उभी राहते. पूर्वी मागितल्याशिवाय मला दिव्यापुढं उभंच राहता यायचं नाही. सासूबाई येऊन राहून गेल्या. नयनच्या हातातल्या बांगड्या कुठल्या असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हरकत नोंदवली, आणि जाताना वॉर्डात सगळ्यांना स्वतःच्या हातानं बेसनाचे लाडू वाटले.

आता एक काम आहे, म्हणून हे लिहायला बसले. मारोतराव फुलसावंगीला परत गेले. शाम सांगतो की बाबा शेतातल्या खोपडीतच राहतात, हरभरा राखतो म्हणतात, फोन घरीच ठेवून जातात. मी एकदाच फोन केला. शामला पुन्हा पुन्हा विचारत नाही, मागच्या वेळी माझ्या एका फोनवर दोन गाड्या निघाल्या होत्या. नयनला नुकतंच बालवाडीत घातलंय, मला लगेच जाता येत नाही. तुमच्यापैकी कोणी फुलसावंगीकडं, महागावच्या बाजूला जात असेल तर जरा वाट वाकडी करा. बैल शहाणा होता म्हणा, मग ते भांडतील. बशीतून चहा घेतील, तुम्हालाही देतील. आणि समजा गेलात तेव्हा ते खोपडीत आडवे पडलेले दिसले, तर नाकाखाली बोट धरू नका. हाक मारा.